लिंबाच्या टाकीचं विसर्जन

"बुवा, लिंबानं कधी कुणी मेलंय का?"

नागोजीबुवा चुलीपुढे बसून शेणी मोडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"मासे मेलेत," ते म्हणाले.

"ते लिंबानं नाही मेले."

"मग कशानं?"

"ते मला काय ठाऊक…"

विचारणारा हिंदुराव. वय चाळीस-बेचाळीस, अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट. हातात एक बाटली. बाटलीत त्याच्या कारखान्यातल्या जुन्या टाकीचं काढून ठेवलेलं पाणी होतं, गाळलेल्या उसाच्या रसासारखं हिरवट.

दुपारी नदीतल्या डोहाकाठी गाव जमणार होतं. तिथं हिंदुरावाला शपथ घ्यायची होती आणि मग ही बाटली सगळ्यांदेखत तोंडाला लावायची होती. शपथ झाली की गाव डोहाचं पाणी पुन्हा भरणार. आज आठवा दिवस, ते पाणी बंद होतं.

शपथेआधी गुरूची संमती घ्यायची, अशी त्या गावची रीत. म्हणून तो सकाळीच मठात आला होता.

मठ म्हणजे तरी काय… डोहाच्या वरच्या अंगाला एक खोली, एक ओटी आणि एक चूल.

त्या डोहात साती आसरा राहतात, असं आयाबाया सांगत आलेल्या. तिथले मासे आसरांचे. त्यांना कुणी गळ लावत नसे. बाळंतीण सव्वा महिन्यानं पाण्यावर आली की आधी माशांना भाताची चार शितं घालायची, मग घागर बुडवायची. त्यांतल्या थोरल्या माशाच्या नाकात नथ आहे, असंही म्हणत.

मासे मरून वर आले त्या दिवशी बायकांनी एकेक मासा उलटून पाहिला. नथ कुणाच्याच नाकात नव्हती. तेवढीच काय ती आशा घेऊन बायका घरी गेल्या.

"तुम्ही एक शब्द बोला," हिंदुराव म्हणाला. "गाव तुमचं ऐकतं."

"बस आधी."

तो बसला.

बुवा काही जन्माचे बुवा नव्हेत. बावीस वर्षं ते शहरातल्या एका शेडमध्ये स्टीलला चकाकी देत होते. भांडं आम्लाच्या टाकीत टांगायचं. विजेची एक तार भांड्याला जोडायची, दुसरी टाकीतल्या पत्र्याला. वीज सोडली की भांड्याच्या अंगावरचे बारीक उंचवटे विरघळून जातात. अंग आरशासारखं होतं आणि गंज धरत नाही. हे काम हिंदुराव त्यांच्याच हाताखाली शिकला.

आम्लाच्या वाफेनं बुवांच्या नाकाचा मधला पडदा खाल्ला होता. शेडमधले गडी थट्टा करायचे, "नागू मिस्त्रीला वेसण घाला, भोक तयार आहे."

मिस्त्री हसायचे. एकदा त्यांनी खरोखरच एक दोरा घेतला, एका नाकपुडीतून घातला आणि दुसरीतून ओढून दाखवला.

त्यानंतर कुणी थट्टा केली नाही.

हिंदुरावानं त्याच दिवशी संकल्प सोडला. माणसाचं नाक न खाणारी टाकी करीन, तोवर पायात चप्पल घालणार नाही. नऊ वर्षं तो आम्लाच्या थेंबांतून अनवाणी चालला. टाचांना भेगा, भेगांना जखमा. दहाव्या वर्षी त्याची टाकी चालली. तिच्यात जळजळीत आम्ल नव्हतं, लिंबूसत्त्व होतं.

अशा माणसाला गर्व झाला, तर त्याला तरी काय म्हणावं…

"टाकीत लिंबूच घातलं होतंस ना?" बुवांनी विचारलं.

"लिंबूसत्त्व. सरबतात घालतात तेच. तुमच्या नाकाची आठवण ठेवून केलं, बुवा. आज माझ्या टाकीवर बायका काम करतात. कुणाला नाकाला पदर लावावा लागत नाही."

"ते पुण्य आहे. ते तुझ्याकडून कुणी काढून घेणार नाही."

हिंदुरावाला बरं वाटलं. पण घडीभरच.

"शपथेचे शब्द काय ठरलेत?"

"मी माझ्या टाकीत विष घातलं नाही."

"खरी आहे शपथ."

"मग द्या संमती."

"खरी आहे म्हणून तर भीती वाटते."

बाहेर डोहाकडून एकही आवाज येत नव्हता. एरवी सकाळच्या वेळी मासे उसळी मारत, ते मठापर्यंत ऐकू यायचं.

"ती टाकी नाल्यात का सोडलीस?"

"जुनी झाली होती. काम देईना. खंडेनवमीला हत्यारांची पूजा केली, तेव्हा तिचीही केली. हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला, नारळ फोडला. आम्लाच्या दिवसांत टँकर बोलावून लांब पाठवायचो. लिंबाला टँकर कशाला? म्हटलं, एवढी वर्षं राबली, आपण देवाचं करतो तसं विसर्जन करू. नाल्यानं नदीत जाईल, नदीला काय जड…"

"त्या नारळाचं खोबरं मीही खाल्लंय," बुवा म्हणाले.

ते उठले. कोनाड्यातून मातीची परळ काढली, उपरण्याच्या टोकानं पुसली, चुलीजवळ ठेवली आणि ते पुन्हा बसले.

"तुझ्या दुधाच्या कॅनला गंज का लागत नाही रे?"

"हे तुम्हीच शिकवलंत."

"मी विसरलो. सांग."

"लागतो, बुवा. टाकीतून काढून धुतला, वारा लागला, की लगेच लागतो. पण सगळ्या अंगाला सारखा, आणि इतका पातळ की डोळ्याला दिसत नाही. मग तोच राखण करतो. दुसरा गंज आत येऊ देत नाही. माझा कॅन गंजाच्या परीक्षेला मिठाच्या धुक्यात पाचशे तास ठेवला होता, एक डाग पडला नाही."

"आणि अंगावरचे उंचवटे?"

"ते विरघळतात."

"विरघळले म्हणजे गेले?"

"हो."

"कुठं?"

हिंदुराव हसला. शाळेतल्या पोराला विचारावं, तसं विचारलं होतं.

"पाण्यात."

"टाकीत जाताना कॅन जड असतो की बाहेर येताना?"

"जाताना. पन्नासएक ग्रॅम उतरतात."

"किती कॅन निघाले त्या टाकीतून?"

"नऊ हजारांवर," हिंदुरावानं मान ताठ करून सांगितलं. "आसपासच्या तालुक्यांत दूध जातं ते माझ्या कॅनमधून."

"नऊ हजार वेळा पन्नास…"

"साडेचारशे किलो."

सांगून झाल्यावर त्याचा आवाज जरा खाली बसला.

"आपल्या पाटलांचा थोरला बैल भरेल तेवढा," बुवा म्हणाले. "एक अख्खा बैल टाकीत विरघळला. आणि तू म्हणतोस, सरबत."

"थोडा गाळ तळाशी बसतो. तो आम्ही पोत्यांत भरून ठेवतो. नाल्यात नाही सोडत."

"किती पोती निघाली?"

"दोन."

"आणि बाकीचा बैल?"

हिंदुरावाच्या कपाळावर घाम आला. पण तो हट्टी होता. हट्टी नसता तर नऊ वर्षं अनवाणी चालला असता का…

"पाण्यात धातू असता तर सोड्यानं दाखवला असता," तो म्हणाला. "ही परीक्षा तुमचीच. पाणी घ्यायचं, धुण्याचा सोडा टाकायचा. गढूळ होऊन गाळ बसला तर धातू आहे, टँकर बोलवायचा. नाही बसला तर सोडून द्यायचं. मी सोडा टाकला, बुवा. एकदा नाही, तीनदा. फसफसलं आणि शांत झालं. गाळ बसला नाही. आरपार दिसत होतं. तुमची परीक्षा करूनच मी झडप उघडली."

बुवांचा हात शेणीवर थांबला.

मग त्यांनी ती बाजूला ठेवली.

"देवाची तांब्याची भांडी काळी पडली की घरात काय करतात?"

"लिंबानं घासतात."

"काळं कुठं जातं?"

"लिंबात…"

हिंदुरावानं हातातल्या बाटलीकडे पाहिलं.

"आम्लाच्या हातातून धातू सुटतो. सोडा दिसला की तळाला बसतो," बुवा हळू बोलत होते, जणू स्वतःलाच सांगत होते. "लिंबू सोडत नसेल. कडेवरचं पोर आई खाली ठेवत नाही, तसं. पाणी आरपार दिसतं आणि पोर कडेवरच असतं."

"तुम्हाला हे ठाऊक होतं?"

"नाही."

"मग आज कसं…"

"आज तू बोलताना सुचलं. दहा दिवस उशिरा."

"आणि सुचलं ते चुकीचं असलं तर?"

"असू दे बाबा. देव करो आणि चुकीचंच असो," बुवा म्हणाले. "सोड्याला दिसलं नाही. आता विस्तवाला विचारू. दे ती बाटली."

त्यांनी परळ चुलीवर ठेवली आणि बाटलीतलं पाणी तिच्यात ओतलं. निम्मं. थोड्या वेळानं उरलेलं निम्मं.

दोघं बघत बसले.

पाणी उकळलं, आटलं, दाट झालं. कडेनं फेस आला. मग ते तपकिरी झालं आणि करपू लागलं.

"वास येतोय का?" बुवांनी विचारलं. "मला काही कळत नाही."

"येतोय."

"कसला?"

"गुऱ्हाळावर काकवी लागते ना, तसा."

"लिंबू जळतंय. जळू दे."

धूर निघाला. बुवांनी फुंकणी उचलली आणि जाळ वाढवला. त्यांना खोकला आला, पण ते उठले नाहीत. धूर कमी झाला, मग थांबला.

लिंबू संपलं होतं. परळ रिकामी नव्हती.

तिच्या तळाला एक खपली धरली होती. जाड, तांबडी, मधे काळी, कडेला शेवाळी हिरवी झाक. बुवांनी फडक्यानं परळ उतरवली आणि हिंदुरावापुढे ठेवली.

"ओळख."

हिंदुरावानं काडीनं खपली हलवली. तिचा तुकडा पडला. काडीला तांबडं लागलं. त्यानं ते दोन बोटांत चोळलं. बोटं गंजलेल्या खिळ्यासारखी झाली.

"कॅन," तो म्हणाला. "हे माझे कॅन आहेत, बुवा…"

त्यानं काडी चुलीत टाकली.

"मी टाकीत विष नाही घातलं."

"नाही घातलंस."

"ते कॅनमधून निघालं. लोखंडाबरोबर निकेल, क्रोम… तेच विष."

"म्हणून शपथ खरी आहे. देवापुढे घेतलीस तर देवही काही बोलणार नाही. गाव मात्र पाणी भरेल."

तेवढ्यात ओटीखाली चपलांचा आवाज झाला. खालच्या आळीची सारजाक्का होती. डोक्यावर एक रिकामा हंडा, कडेवर दुसरा. वयानं साठीची. डोहाचं पाणी बंद झाल्यापासून ती दोन वेळा टेकडीवरच्या बोरिंगला जायची. जाऊन-येऊन दीड कोस.

"बुवा, पाया पडते," ती म्हणाली आणि हिंदुरावाकडे वळली. "मालक हितंच हाय व्हय? बरं झालं. दुपारपातुर कोण थांबतंय? तुम्ही शबुद टाका, मी आत्ताच डोहाचं भरते."

हिंदुराव उठून उभा राहिला.

"टाकीची मिरवणूक बघितली म्या त्या दिशी," सारजाक्का म्हणाली. "हार काय, नारळ काय. माझ्या लग्नात एवढं वाजवलं नव्हतं."

तिचं तीच हसली. मग हंडे खाली ठेवून गुडघे चोळू लागली.

"दोन दिस आमी तेच पाणी प्यालो की वं. तिसऱ्या दिशी मासं वर आलं, तवा कळलं. सून सारखी ओकत हुती. म्हटलं, पोटुशी हाय, ओकायचीच. आता ओकत न्हाई, पण उठत बी न्हाई. नववा लागलाय तिला. पाणी पाणी करती नुसतं. बोरिंगचं आणीन तर माझं गुडघं गेलं. म्हणून म्हटलं, मालकाच्या तोंडानं ऐकावं आन भरावं. काय, भरू न्हवं?"

हिंदुरावानं बुवांकडे पाहिलं.

बुवा चुलीतली राख सारखी करत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

ओटीवर परळ होती. जवळच रिकामी बाटली आडवी पडली होती.

"भरू?" सारजाक्कानं पुन्हा विचारलं.

"नको, आक्का."

"आं?"

"डोहाचं भरू नका. कुणालाच भरू देऊ नका. जे गेलं ते माझ्याच टाकीतून गेलं."

सारजाक्का त्याच्याकडे बघत राहिली.

"म्हंजे इष घातलं तुम्ही?"

"घातलं नाही. पण निघालं."

"घातलं न्हाई आन निघालं," ती म्हणाली. "आमच्या घरात बी असंच असतंय. मांजर आलं न्हाई आन दूध गेलं."

ती रडली नाही, ओरडली नाही. ओटीच्या पायरीवर बसली. थोड्या वेळानं तिनं एवढंच विचारलं, "मग कधी भरायचं?"

मिठाच्या धुक्यातले तास हिंदुरावाला तोंडपाठ होते. हे त्याला ठाऊक नव्हतं…

तो बुवांच्या पायांवर पडला.

"बुवा, प्रायश्चित्त सांगा. मी पुन्हा चप्पल सोडतो. नऊ नाही, बारा वर्षं. दर शनिवारी निर्जळी करतो. आसरांना चांदीचे मासे वाहतो. तुम्ही सांगाल ते व्रत धरतो."

"कारखान्यात दुसरी टाकी आहे?"

"आहे. तीही आता जुनी झालीय."

"तिला हार घालू नकोस."

"नाही घालत. टँकर बोलावतो. लांब पाठवतो, जिथं हे पाणी निवळून घेतात तिथं."

"त्यांना सांग, लिंबू आहे. सोड्यावर विसंबू नका."

"सांगतो."

"दुपारी गावाला काय सांगशील?"

"शपथ घेत नाही म्हणून सांगतो. ही परळ दाखवतो."

"आणि परीक्षा कुणी शिकवली, तेही सांग. मी शेजारी उभा राहीन."

"तुमचं नाव कशाला, बुवा…"

"सांग म्हटलं ना."

हिंदुराव उठला. डोळे पुसले. पांढऱ्या शर्टाच्या बाहीला तांबडा डाग पडला. त्यानं परळ उचलली आणि छातीशी धरली, प्रसादाचं ताट धरावं तशी.

"ती ठेव इथंच. दुपारला अवकाश आहे."

बुवा पायरी उतरले. सारजाक्काचा मोठा हंडा त्यांनी उचलला, आतून हात फिरवून पाहिला आणि हिंदुरावाच्या खांद्यावर ठेवला. त्या गावात पुरुषानं हंडा खांद्यावर घेतलेला कुणी पाहिला नव्हता. सारजाक्का संकोचून उठू लागली. बुवांनी तिला हातानंच बसवलं.

"बोरिंगची वाट ठाऊक आहे?"

"आहे," हिंदुराव म्हणाला.

तो चार पावलं गेला आणि थांबला. हंडा खांद्यावर नीट बसत नव्हता. तो वळला.

"बुवा… प्रायश्चित्त नाही सांगितलंत. माझं पाप कसं फिटायचं?"

बुवांनी सारजाक्काकडे पाहिलं. ती डोहाकडे बघत होती.

"तुझं पाप त्यांनी पिऊन झालंय," बुवा म्हणाले. "आता पाणी आण."